जाड टायरची सायकल : शिकागोच्या कारखान्यापासून कोकणच्या पुळणीपर्यंत

जाड टायरच्या सायकलीचा इतिहास १९३३ साली सुरू होतो. अमेरिका तेव्हा महामंदीत होती. मोटारगाडी आल्यापासून मोठ्या माणसांनी सायकल सोडली होती आणि उरलेले गिऱ्हाईक म्हणजे शाळकरी मुले. त्या वेळच्या अमेरिकी सायकलींना २८ इंची अरुंद टायर असत, रिमवर चिकटवलेले आणि आत वेगळी ट्यूब नसलेले. पंक्चर काढणे हा मोठा खटाटोप असे आणि फूटपाथच्या कडेवरून उडी मारली की रिम वाकत असे. शिकागोच्या श्विन कंपनीचे फ्रँक श्विन यांनी युरोपात, विशेषतः जर्मनीत, कमी हवेवर चालणारे रुंद टायर पाहिले होते. टायर कंपन्यांची तयारी नसतानाही त्यांनी २६ इंच व्यासाचा, २.१२५ इंच रुंदीचा आणि आत स्वतंत्र ट्यूब असलेला टायर बाजारात आणला. त्याला ‘बलून टायर’ म्हणत. दोन-तीन वर्षांत बहुतेक अमेरिकी कारखान्यांनी तो उचलला.

या सायकली वीस किलोच्या आसपास वजनाच्या. एकच गिअर, मागे उलटे पायडल मारून लागणारा ब्रेक, जाड पोलादी नळ्यांचा सांगाडा. घरोघर वर्तमानपत्रे टाकणारी मुले त्या वापरत आणि वर्षानुवर्षे हव्या तशा बडवत. त्या टिकल्या हीच पुढच्या सगळ्या कथेतली निर्णायक गोष्ट. साठच्या दशकात उंच हँडलच्या छोट्या सायकलींची आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभी दहा गिअरच्या हलक्या सायकलींची लाट आली, तेव्हा श्विनच्या जुन्या ‘एक्सेलसियर’ भंगारात जमा झाल्या. मोजक्या डॉलरांत त्या कोणालाही मिळत.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, गोल्डन गेट पुलापलीकडे, मरिन परगण्यात टमाल्पाइस नावाचा डोंगर आहे. उंची सुमारे ७८० मीटर. वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी त्याच्या अंगावर कच्चे रस्ते काढलेले आहेत. सत्तरच्या दशकात तिथल्या तरुणांनी भंगारातल्या बलून टायरच्या सायकली वर नेऊन या रस्त्यांवरून खाली सोडायला सुरुवात केली. त्यांतले अनेक जण एरवी शर्यतीच्या हलक्या सायकली चालवणारे कसलेले सायकलपटू होते. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली, ओटिस गाय ही नावे त्यांतलीच.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या उतारावर त्यांनी पहिली शर्यत लावली. अंतर साडेतीन किलोमीटरपेक्षा थोडे कमी, उतार जवळजवळ ४०० मीटरचा. स्पर्धक एकामागोमाग ठरावीक अंतराने सोडायचे आणि घड्याळ लावायचे. गॅरी फिशरने पुढे नोंदवलेली ४ मिनिटे २२ सेकंद ही वेळ विक्रम म्हणून राहिली. इतक्या उतारावर मागच्या हबमधला ब्रेक असा तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि दुसऱ्या फेरीआधी हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. या ‘पुन्हा भरण्या’वरूनच शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडले. १९८४ पर्यंत ती २४ वेळा झाली. बहुतेक शर्यती पहिल्या तीन वर्षांतल्या.

गिअर हवेत, ब्रेक हवेत, ही गरज अशा शर्यतींतून आणि त्याहून अधिक परत वर चढण्याच्या त्रासातून उभी राहिली. रिपॅकच्याही आधी, १९७४ च्या डिसेंबरात, मरिनमधल्या मिल व्हॅली गावातल्या एका चिखलशर्यतीला कुपर्टिनोहून काही मुले आली होती; त्यांच्या बलून टायरच्या सायकलींना गिअर बसवलेले होते. ते पाहून मरिनकरांच्याही डोक्यात चक्रे फिरली, असे मानले जाते. मात्र ही कल्पनाही पहिली नव्हती. जॉन फिनली स्कॉट या कॅलिफोर्नियातल्या माणसाने १९५३ सालीच रुंद टायर, सरळ हँडल आणि गिअर असलेली रानात फिरायची सायकल स्वतःसाठी जुळवली होती. ती कल्पना मात्र तेव्हा पसरली नाही. कोलोरॅडोतल्या क्रेस्टेड ब्यूटच्या रहिवाशांनी तर १९७६ च्या सप्टेंबरात, मरिनची काहीही खबर नसताना, अशाच जुन्या सायकलींवरून पर्ल पास ही ३,८०० मीटरहून उंच खिंड ओलांडून अ‍ॅस्पेन गाठले. या सायकलीचा एकच जनक शोधत बसणे म्हणूनच निरर्थक आहे. जुनी, दणकट आणि जवळजवळ फुकट मिळणारी सायकल जिथे होती आणि शेजारी डोंगर होता, तिथे ती जन्मणारच होती.

भंगारातल्या सांगाड्यांना मर्यादा होती. ते वाकत, तुटत. १९७७ मध्ये जो ब्रीझने क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांचा, खास डोंगरासाठी आखलेला नवा सांगाडा बांधला. ती पहिली ‘ब्रीझर’ आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९७९ मध्ये फिशर आणि केली यांनी टॉम रिची या कारागिराचे सांगाडे घेऊन ‘माउंटनबाइक्स’ नावाची पेढी काढली. सायकलीची किंमत १,३०० डॉलरच्या घरात. ज्या छंदाचा पाया भंगार होते, तो तीन वर्षांत सामान्य माणसाच्या हाताबाहेर गेला होता. पेढीला या नावाचा ट्रेडमार्कही मिळाला नाही आणि ते शब्द सगळ्यांचे झाले.

सायकल पुन्हा खाली आणली ती जपानच्या कारखान्यांनी. स्पेशलाइज्ड कंपनीच्या माइक सिन्यार्ड यांनी रिचीच्या आराखड्याशी मिळताजुळता सांगाडा जपानमध्ये बनवून घेतला आणि १९८१ मध्ये ‘स्टम्पजम्पर’ ७५० डॉलरला विकायला काढली. हाताने घडवलेल्या सायकलीच्या जवळजवळ निम्मी किंमत. तिचे भाग चार ठिकाणांहून जमवलेले होते, ब्रेकची मूठ तर मोटारसायकलची. १९८२ नंतर शिमानो आणि सनटूर या जपानी कंपन्यांनी खास डोंगरासाठीचे गिअर बनवले, तैवानचे कारखाने पुढे आले आणि किमती आणखी उतरल्या. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या डुरँगोत पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये या खेळाला जागा मिळाली.

भारतात हा सगळा प्रवास दुरून पोहोचला. इथे दूधवाला, पोस्टमन आणि शाळामास्तर यांची काळी सायकल अजून २८ बाय दीड इंची टायरवरच चालत होती आणि रस्त्यावर ओझे वाहण्याचे तिचे काम ती चोख करत होती. नव्वदच्या दशकात भारतीय कंपन्यांनी जाड खाचांचे टायर आणि सरळ हँडल असलेल्या २६ इंची सायकली काढल्या. त्यांतल्या ‘रेंजर’चे नाव महाराष्ट्रात इतके रुळले की त्या धाटणीची कोणत्याही कंपनीची सायकल मुले रेंजरच म्हणत. त्यांतल्या बऱ्याच सायकलींना गिअर नसत. रूप डोंगराचे आणि काम शाळेत जाण्याचे. तरीही खड्ड्यांच्या रस्त्यावर रुंद टायरचे सुख काय असते, हे एका पिढीला त्यांनीच दाखवले.

चार इंची टायरचा धागा वेगळा आहे आणि तो वाळूतून व बर्फातून आला. फ्रान्सच्या जाँ नो यांनी १९८० मध्ये मिशलिनचे रुंद, कमी हवेचे टायर लावून नायजरमधील झिंदरपासून अल्जीरियातील तामानरासेतपर्यंत सहारा ओलांडले. अलास्कात १९८७ पासून कुत्र्यांच्या घसरगाड्यांच्या इडिटारोड वाटेवर भर हिवाळ्यात सायकलींची शर्यत होऊ लागली. दोन इंची टायर भुसभुशीत बर्फात रुतत आणि स्पर्धकांना मैलोन्‌मैल सायकल ढकलावी लागे. काहींनी दोन-दोन रिम शेजारी शेजारी जोडून त्यांवर दोन टायर चढवले. फेअरबँक्सच्या सायमन रॅकोवर यांनी ४४ मिलिमीटर रुंदीची ‘स्नोकॅट’ रिम काढली. तिकडे न्यू मेक्सिकोत रे मोलिना यांनी वाळूच्या टेकड्यांसाठी ८२ मिलिमीटरची रिम आणि साडेतीन इंची टायर बनवले. १९९९ च्या सुमारास हे टायर अलास्काच्या मार्क ग्रोनेवाल्ड यांच्यापर्यंत पोहोचले आणि त्यांनी त्यांना सामावणारे सांगाडे बांधले. वाळवंटाचा टायर बर्फाच्या सांगाड्यात बसला आणि आजच्या जाड टायरच्या सायकलीचे रूप ठरले.

या रुंदीमागचे गणित सोपे आहे. स्वार आणि सायकल मिळून ९५ किलो, म्हणजे सुमारे २१० पौंड धरले आणि टायरमध्ये ४० पीएसआय (म्हणजे दर चौरस इंचाला ४० पौंड) दाबाची हवा असली, तर दोन्ही टायर मिळून जमिनीला साधारण पाच चौरस इंच टेकतात. हवा १० पीएसआयवर आणली की हाच टेकू २१ चौरस इंचांचा होतो. भार पसरतो आणि चाक रुतण्याऐवजी वर तरंगते. अरुंद टायरमध्ये इतकी कमी हवा ठेवली तर रिम जमिनीला आपटते. चार इंची टायरमध्ये मधली जागा पुरेशी असते. जाड टायर आणि कमी हवा यांची जोडी आहे. टायर जाड पण हवा टच्च भरलेली असेल, तर मिळते ती फक्त जड आणि चेंडूसारखी उसळणारी सायकल. मऊ बर्फावर आणि कोरड्या वाळूत चार-पाच, कच्च्या वाटेवर आठ ते दहा, डांबरावर पंधरा-वीस पीएसआय हा सर्वसाधारण अंदाज. इथे एका पीएसआयनेही चालण्यात फरक पडतो.

२००५ मध्ये मिनेसोटाच्या सर्ली कंपनीने ‘पग्सली’चा पोलादी सांगाडा, ६५ मिलिमीटरची रिम आणि ३.७ इंची टायर विक्रीला आणले. कारागिराकडे महिनोन्‌महिने वाट पाहावी लागे, ते आता दुकानात मिळू लागले. तिच्या रचनेत एक फार शहाणपणाची गोष्ट होती. जाड टायरसाठी लागणारे रुंद हब तेव्हा महाग आणि दुर्मीळ. म्हणून सर्लीने सांगाड्याची मागची बाजू मध्यापासून सरकवून साधा १३५ मिलिमीटरचा हब वापरला आणि पुढेही तोच बसवला. त्यामुळे पुढचे व मागचे चाक आपापसांत बदलता येई. गोठवणाऱ्या थंडीत मागचे फ्रीव्हील निकामी झाले तर पुढच्या चाकावरचे सुटे चक्र कामी येई. काटकसरीतून सोय कशी निघते, याचे याहून चांगले उदाहरण सायकलींच्या इतिहासात क्वचितच सापडेल. जाड टायरची मजल पुढे आणखी वाढली: जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेचे डॅनियल बर्टन जाड टायरच्या सायकलीवरून अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यापासून दक्षिण ध्रुवावर पोहोचले.

त्याच सुमारास अमेरिकेत वॉलमार्टच्या दुकानांत मंगूस कंपनीची ‘बीस्ट’ सुमारे २०० डॉलरला मिळू लागली. नामांकित कंपन्यांच्या अशा सायकली तेव्हा त्याच्या सात-आठ पट किमतीच्या होत्या. बीस्टला पोलादी सांगाडा, २६ बाय ४ इंची टायर, एकच गिअर आणि उलट्या पायडलचा ब्रेक. म्हणजे रिपॅकच्या उतारावर ज्याचे ग्रीस जळे, त्याच जातीचा. जाणकारांनी तिला नाके मुरडली, पण हजारो लोकांनी ती घेतली, गिअर बसवले, ब्रेक बदलले, चाके हलकी केली. पन्नास वर्षांपूर्वी मरिनच्या मुलांनी भंगाराचे जे केले, तेच इथे नव्या मालाचे झाले. स्वस्त सायकलीवर होणारी टीका म्हणूनच अर्धीच रास्त आहे: तिच्यात उणिवा आहेत, पण त्या दुरुस्त करता येण्याजोग्या आहेत.

भारतात गेल्या दहा-बारा वर्षांत अशाच पोलादी सांगाड्याच्या, तारेवर चालणाऱ्या डिस्क ब्रेकच्या, सात ते एकवीस गिअरच्या सायकली दहा-वीस हजार रुपयांच्या दरम्यान मिळू लागल्या. किंमत कुठे कापलेली असते हे ठाऊक असले की फसगत होत नाही. टायर जड असतात, प्रत्येकी दीड किलोच्या आसपास, आणि चढावर ते वजन सर्वांत आधी जाणवते. हबमध्ये ग्रीस कमी भरलेले असते, छर्रे एक तर फार आवळलेले किंवा सैल. मागे पेचाचे साधे फ्रीव्हील असल्याने आसाचा बराच भाग आधाराविना राहतो आणि उड्या मारल्यास आस वाकतो. खोक्यातून आलेल्या सायकलीचे आरे सारखे ताणलेले नसतात. त्यामुळे नवी कोरी सायकलही आधी चांगल्या मेस्त्रीकडे नेऊन तिचे ओव्हरऑइलिंग करून घ्यावे आणि रिम सरळ करून घ्यावी. २६ बाय ४ ची ट्यूब पंक्चरच्या प्रत्येक दुकानात मिळत नाही. ती सायकलीबरोबरच घेतलेली बरी. हवेचा दाब मोजताना मोटारीच्या पंपावरच्या मोठ्या काट्यावर विसंबू नये, कमी दाबाचे छोटे मापक घ्यावे.

कोकणच्या किनाऱ्यावर ही सायकल चालवण्याची वेळ म्हणजे ओहोटी. पाणी मागे हटल्यावर उघडी पडणारी ओली, घट्ट वाळू जवळजवळ रस्त्यासारखी लागते. वरची कोरडी पुळण मात्र चार इंची टायरलाही दमवते आणि तिथे हवा आणखी सोडावी लागते. परतल्यावर त्याच दिवशी चेन, फ्रीव्हील आणि ब्रेकच्या तारा गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, तेल द्यावे. खारे पाणी राहू दिले तर चेन गंजते, आणि पोलादी सांगाड्यात नळ्यांच्या तोंडाशी साचलेले पाणी आतून नळी खाते.