शेळीच्या रक्ताची साक्ष

रोगजंतूंचे शास्त्र आम्ही कॉलेजात शिकलो नाही. युनियनच्या कचेरीत, रात्री सभा आटोपल्यावर, मिळेल ते पुस्तक वाचून शिकलो. तेव्हा आमची दृष्टी शास्त्रज्ञाची नव्हे, कष्टकऱ्याची आहे. जनावरांपासून माणसाला जडणारे रोग जागच्या जागी ओळखण्याची विद्या कशी वाढली, हे पाहू जाता प्रथम माल्टा बेटाकडे वळावे लागते.

भूमध्य समुद्रातील या बेटावर इंग्रजांची छावणी होती. तेथील शिपायांना चढउताराचा ताप महिनोन्‌महिने छळी. अंग घामाने निथळे, सांधे धरत. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टराने त्याचा जंतू शोधून काढला. परंतु तो येतो कोठून, हे कोडेच राहिले. १८९७ साली आल्म्रॉथ राइट यांनी या तापाला रक्ताची कसोटी लावून दाखविली. रोग्याच्या रक्तद्रवात ते जंतू कालवले की त्यांच्या गुठळ्या बनतात. १९०५ साली थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टी डॉक्टराने हीच कसोटी शेळ्यांना लावली, आणि सहांपैकी पाचांच्या रक्ताने साक्ष दिली! दिसायला त्या धडधाकट. दारोदार हिंडत आणि गिऱ्हाइकाच्या उंबऱ्यावर पिळल्या जात.

१९०६ साली छावणीत शेळीचे दूध बंद झाले आणि पुढच्याच वर्षी शिपायांतील रोगी बोटांवर मोजण्याइतके उरले. पण बेटावरची रयत? ती तेच दूध पीत राहिली. दूध तापवून निर्जंतुक करण्याचा कारखाना तेथे निघायला १९३८ साल उजाडले. शेळीवाल्याचे पोट शेळीवर होते. जी साक्ष आपल्याला उपाशी ठेवील, ती तो खुशीने कशी मानणार?

कसोटी मात्र सोपी होत गेली. १९३७ साली दुधाची परीक्षा निघाली: रंगविलेले मृत जंतू दुधात घातले की दोषी दुधाच्या सायीवर रंगीत कडे उमटते. पुढे 'रोझ बेंगाल' परीक्षा आली. रक्तद्रवाचा एक थेंब, गुलाबी द्रवाचा एक थेंब. चार मिनिटांत गुठळ्या दिसतात. गोठ्याच्या ओट्यावरही हे जमते. तथापि लस टोचलेले जनावरही कधी दोषी दिसते. म्हणून प्रयोगशाळेत फेरतपासणी हवीच.

आमचा अनुभव असा की, छातीच्या तपासणीची गाडी कारखान्याच्या फाटकाशी आली की खोकणारे गडी नेमके त्याच दिवशी खाडा करीत. रोगापेक्षा रोजी जाण्याचे भय मोठे होते. गोठ्यातही हेच घडते. आपल्याकडे २०१९ पासून या रोगाविरुद्ध चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना लस टोचण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, ते इष्टच. पण गाभडलेल्या गाईचा वार उघड्या हातांनी उचलणारा गडी, खाटीक आणि धार काढणारी बाई यांच्या रक्ताची तपासणी कोणी करावयाची?

कसोटीला चार मिनिटे पुरतात. तिच्यापुढे माणूस निर्भयपणे हात पुढे करील, ते मात्र भरपाईची आणि पगारी रजेची हमी असेल तेव्हाच.