मशीनच्या खणातला रफलर



शहागंजात घड्याळाचा एक जुना मनोरा आहे आणि गांधीजींचा पुतळाही आहे. ईदच्या आणि दिवाळीच्या आधी कापड घ्यायला गेलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणींनी हे दोन्ही पाहिलेत. पाहिलेत म्हणजे, एकमेकींना शोधायची खूण म्हणून. आजच्या गोष्टीत हे दोन्ही येणार आहेत, पण सुरुवात करायची आहे एका लोखंडाच्या तुकड्यापासून.

गटातल्या एक ताई मध्यंतरी सासूबाईंचं जुनं काळं मशीन साफ करत होत्या. खणात गंजकी डबी निघाली. डबीत बॉबिन, दोन वाकड्या सुया आणि एक विचित्र वस्तू. खेकड्यासारखी. एका बाजूला दोन बोटांचा चिमटा, पोटात बारीक दात्यांचं चक्र, खाली निळसर पोलादाची दोन पातळ पाती. "भंगारवाला याचे काही देईल का?" असं विचारत त्यांनी ती मला दाखवली. मी म्हटलं, भंगारात देऊ नका, हा रफलर आहे. कापडाला चुण्या पाडून झालर करायचं अवजार. शहागंजातल्या जुन्या कारागिरांना विचारा, ते हातात घेताक्षणी ओळखतील. आपल्याला ओळखता येत नाही, याला कारण आहे, आणि त्याचीच ही गोष्ट.

आपण वापरतो तसलं शिलाई मशीन अमेरिकेत घडलं. एलायस हाऊ यांनी 1846 साली त्याचं पेटंट घेतलं, आयझॅक सिंगर यांनी 1851 साली आपल्या सुधारलेल्या मशीनचं. सरळ शिवण झपाट्याने व्हायला लागली. पण त्या काळच्या गोऱ्या बायकांच्या कपड्यांत सरळ शिवण थोडी आणि झालरच जास्त. घागऱ्याला खालपासून वरपर्यंत झालरीचे थर, बाह्यांना झालर, गळ्याला झालर, उशीच्या अभ्र्यालासुद्धा झालर. ती मात्र हातानेच व्हायची. आधी धावदोरा घालायचा, मग दोरा ओढून चुण्या सारख्या करायच्या, मग टाचायच्या. मशीनने वाचवलेला वेळ झालर खाऊन टाकत होती. म्हणून मशीनला जोडायची छोटी छोटी अवजारं निघाली. कोणी कड दुमडायचं, कोणी पट्टी लावायचं, कोणी चुण्या पाडायचं. आयोवा राज्यातल्या ऑटमवा गावात तर जॉन्स्टन रफलर कंपनी नावाचा कारखानाच होता. पुढे सिंगरने ही सगळी अवजारं एका घडीच्या लाकडी पेटीत बसवून मशीनसोबत द्यायला सुरुवात केली. त्या पेटीचं पेटंट 1889 चं.

आता कुणालाही वाटेल, बायकांचं काम हलकं झालं. झालं उलटंच. झालर पटकन होते म्हटल्यावर फॅशनवाल्यांनी झालरी वाढवल्या. एका थराच्या जागी पाच थर. पोटासाठी शिवणाऱ्या बाईला नगावर पैसे मिळायचे आणि नगातलं काम वाढलं तरी दर तोच. हे लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा याच्याकडे यायचं आहे.

आता पुतळ्याची गोष्ट. गांधीजी यंत्रांच्या विरोधात होते असं आपण शाळेत शिकलो. पण 1924 साली त्यांना कुणी विचारलं, तुम्हाला सगळीच यंत्रं नकोत का? तेव्हा त्यांनी एक अपवाद सांगितला, सिंगरच्या शिलाई मशीनचा. सिंगरने आपल्या बायकोला हाताने टाके घालताना पाहिलं, तिचे कष्ट त्याला बघवेनात, म्हणून त्याने प्रेमापोटी हे यंत्र केलं, अशी त्यांची समजूत होती. बापूंना कुणी तरी गोड गोष्ट सांगितली असणार. खरा सिंगर नाटक कंपनीतला हरहुन्नरी माणूस होता, त्याचे संसार एकाहून जास्त आणि मुलं वीसच्या वर. बायकोचे कष्ट पाहून मशीन करणाऱ्यातला तो नव्हे. बायको दुसऱ्यांचं शिवण करून घर चालवायची ही हकिगत हाऊच्या घरची सांगतात. तरीही बापूंचा मुद्दा मला चुकीचा वाटत नाही. घरात बसून एका बाईला चालवता येईल आणि जे तिच्या हातचं काम काढून घेणार नाही, असं यंत्र त्यांना हवं होतं. प्रश्न एवढाच की आपल्याकडे ते बाईच्या हातात किती आणि कसं आलं?

सिंगरचा मोठा कारखाना स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँक गावी 1885 साली सुरू झाला. त्याच्यावरही घड्याळाचा मनोरा होता, शहागंजातल्यापेक्षा कितीतरी मोठा. हिंदुस्थानात जी जुनी सिंगर मशीनं दिसतात, त्यातली पुष्कळशी त्या घड्याळाखालून बाहेर पडलेली. मशीनच्या पाटावर नंबर असतो. त्याच्या आधी जे, एफ किंवा वाय यातलं इंग्रजी अक्षर असेल तर मशीन क्लाइडबँकचं समजा. बोटीने मुंबईत यायचं, आणि 1900 च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादला निजामाची छोटी रेल्वे आल्यावर तिथून पुढे आगगाडीने येणं सोपं झालं.

सिंगरने आणखी एक गोष्ट आणली, ती आपल्याला चांगली ओळखीची आहे. हप्ता! सिंगरचे भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी 1856 साली मशीन हप्त्याने द्यायची पद्धत काढली. थोडे पैसे आधी द्यायचे, मशीन घरी न्यायचं, कमवायचं आणि फेडायचं. बचत गटाच्या वहीत आपण जे लिहितो, तसंच काहीसं. हिंदुस्थानात सिंगरचे मुख्य एजंट नसरवानजी मेरवानजी पटेल नावाचे पारशी गृहस्थ होते. त्यांच्यापुढची अडचण बघा. इथे बाई नेसते नऊवारी, पुरुष नेसतो धोतर. दोन्हींना शिवण नाही. चोळी घरीच हाताने शिवायची. मग मशीन विकायचं कुणाला?

ते गेलं शिंप्याच्या ओट्यावर. आपल्या मराठवाड्यात शिंप्याची सुई फार जुनी आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीचे संत नामदेव शिंपी समाजातले, म्हणजे सातशे वर्षं झाली. औरंगाबादेत हिमरूचं कापड विणणारे होते, त्याच्या शेरवान्या शिवणारे होते. छावणीत साहेबलोक होते आणि मडमांचे झालरीचे फ्रॉक होते. दुकानदार कारागिराने मशीन घेतलं आणि सोबतची डबीही घेतली. डबीतली इंग्रजी चोपडी त्याला वाचता येत नसेल, पण उस्तादाच्या शेजारी बसून शागीर्द बघत होता. रफलरची विद्या अशी पुरुषांच्या हातातून पुरुषांच्या हातात गेली.

बायका तोपर्यंत चुण्या घालत नव्हत्या का? घालत होत्या, आणि किती सुंदर! बाळाच्या कुंचीला मागे चुण्या, पाळण्याला झालर, मुलीच्या परकराला घेर. शहागंजच्या आसपासच्या मोहल्ल्यांत घराऱ्याला गुडघ्यापाशी इतक्या दाट चुण्या की त्या जोडावर गोट लावून झाकायला लागतं. जुन्या पद्धतीच्या बुरख्याची टोपी सगळी चुण्यांवरच उभी. तांड्यावरच्या लमाण बायांचा फेटिया बघा, त्याचा घेर एका कमरेत बसवणं ही गंमत नाही. हे सगळं धावदोऱ्यावर व्हायचं, दिव्याच्या उजेडात. कष्ट त्यांचेच होते, फक्त अवजार त्यांच्याकडे नव्हतं.

मग देशी मशीन आलं. 1930 च्या दशकात कलकत्त्यात जय इंजिनिअरिंगने उषा मशीन काढलं. 17 सप्टेंबर 1948 ला आपण निजामाच्या राज्यातून सुटलो. 2 ऑक्टोबर 1952 ला सामूहिक विकास योजना सुरू झाली, गावोगाव ग्रामसेविका आणि महिला मंडळं आली. 1953 साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ झालं. शिवणवर्ग सुरू झाले. त्याच्या खूप आधी, 1909 पासून, पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनात बायका शिवण शिकत होत्या, पण ते पुण्यात. आपल्याकडे बाईच्या पायाखाली पायडल यायला स्वातंत्र्य यावं लागलं.

पुढे 1975 मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ आलं, बचत गट आले. बाईला काही द्यायचं म्हटलं की आजही मशीनच दिलं जातं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण एक गोष्ट सलते. आपल्याला मशीन दिलं, डबी दिली नाही. दिलीच असेल तर तिच्यात काय आहे ते कुणी सांगितलं नाही. वर्गात झबलं, टोपडं, परकर, पोलकं शिकवलं आणि चुण्यांपाशी आलो की पुन्हा धावदोरा. आजीसारखाच.

आता तो रफलर मशीनला लावू या. काळं जुनं सिंगर असो की सरळ टाक्याचं देशी मशीन, बहुतेकांना तो बसतो. सुई सगळ्यात वर आणा. नेहमीचा फूट काढा. रफलरचा तो दोन बोटांचा चिमटा सुईच्या स्क्रूला दोन्ही बाजूंनी धरेल असा बसवा आणि मग दाबाच्या दांड्याला स्क्रूने पक्का करा. चिमटा स्क्रूवर बसलाच नाही तर चुण्या पडणार नाहीत, ही सगळ्यांची पहिली चूक. सुई खाली-वर होते तसा चिमटा हलतो, चिमट्यामुळे निळं पातं पुढे जातं आणि चिमूटभर कापड सुईखाली ढकलतं. एवढीच त्याची करामत.

ज्या पट्टीला चुण्या घालायच्या, ती दोन निळ्या पात्यांच्या मध्ये सरकवा. ज्या कापडाला झालर लावायची, ते खालच्या पात्याच्याही खाली, मशीनच्या दात्यांवर. म्हणजे चुण्या पडतानाच झालर जोडलीही जाते. वर एक खटका असतो, त्यावर बहुधा 1, 6, 12 असे आकडे आणि एक चांदणी. 1 वर दर टाक्याला चुणी पडते, 6 वर सहा टाक्यांनी, 12 वर बारा टाक्यांनी प्लेट. चांदणीवर चुणी नाही, साधी शिवण. कोपरा आला की चांदणीवर घ्यायचं, रफलर काढावा लागत नाही. चुणी किती खोल पाडायची, त्यासाठी वेगळा स्क्रू आहे.

पहिल्यांदा पायडल मारू नका. चाक हाताने फिरवा आणि सुई कुठे पडते ते बघा. जुन्या रफलरमध्ये तेल सुकून घट्ट झालेलं असतं, सांध्यांना मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्या आणि फडक्यावर थोडं चालवा. निळ्या पात्यांना गंज असेल तर हळू हाताने पुसा, ती वाकली तर काम संपलं.

कापड किती लागेल, हे अंदाजाने धरू नका. बारा इंचाची पट्टी आधी शिवून बघा. तिची सहा इंच झाली तर दुप्पट कापड लागणार. तीन मीटर घेराला सहा मीटर पट्टी. मलमल, वॉयल, पातळ सुती कापड छान चालतं. जाड खादी किंवा जीन्स घालू नका.

त्या ताईंनी पहिल्या दिवशी सुई मोडली. चुणीचा स्क्रू पूर्ण आवळून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सहा मीटर पट्टी वीस मिनिटांत संपवली. धावदोऱ्याने त्यांना तासाच्या वर लागायचं. खूश होऊन म्हणाल्या, आता ठेकेदाराला सांगते, दिवसाला दुप्पट परकर देते.

मी म्हटलं, थांबा. गोऱ्या बायकांच्या झालरींचं काय झालं, आठवतंय ना? परकराचा नग म्हणून दर ठरवला की ठेकेदार आज एक झालर सांगेल आणि उद्या त्याच पैशांत दोन. झालरीचा दर वेगळा लावा, मीटरवर. परकराचे इतके, झालरीचे मीटरला इतके. आणि एकटीने बोलू नका, गटाच्या बैठकीत ठरवा. एका गटाला एक चांगला रफलर पुरतो, तो आळीपाळीने घेता येतो. नवेही मिळतात, त्यांची पाती जुन्यांइतकी तल्लख नसतात असं माझं मत आहे, पण काम होतं.

त्यांच्या मशीनचा नंबर आम्ही फडक्याने घासून वाचला. पुढे वाय अक्षर निघालं. म्हणजे सासूबाईंचं मशीन क्लाइडबँकचं, आणि सासूबाईंनी ते नवं घेतलेलं नसणार, त्यांच्याही आधी कुणाच्या तरी ओट्यावर ते चालत होतं. रफलरवर खटका 12 च्या आकड्यापाशी घासून चकचकीत झाला होता. कुणी तरी त्याच्यावर खूप प्लेटा घातल्या होत्या.

दिवाळीची आवराआवर जवळ आली आहे. मशीनचा खण भंगारवाल्यापुढे उपडा करायच्या आधी डबी उघडून बघा आणि खेकड्यासारखं काही निघालं तर बैठकीला घेऊन या.