वेग आणि बळ : आपल्या व्यायामपरंपरेतील एक जुना दुरावा

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात कचारगडचा डोंगर आहे. माघी पौर्णिमेस तेथे गोंडी भाविकांचा मोठा मेळा जमतो. गुहेपर्यंतची चढण पायीच चढावी लागते. पाठीवर ओझे घेऊन ती चढणाऱ्यास पायांचा वेग आणि अंगातील बळ या दोन निराळ्या विद्या आहेत, असे क्वचितच वाटत असेल. आपल्या व्यायामाच्या इतिहासात मात्र त्या दीर्घकाळ निराळ्या नांदल्या.

तालमीत जोर, बैठका, मुद्गल आणि कुस्ती यांचे राज्य होते. धावणे हे जासुदाचे व हरकाऱ्याचे काम. त्यास पोटाचा धंदा म्हणत, व्यायाम म्हणत नसत. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबास ऊर्जितावस्था आणली, तेव्हा बळाबरोबर चपळाईही तालमीत शिरली, परंतु धाव बाहेरच राहिली.

दोन्ही प्रवाह प्रथम एका पथकात दिसले ते १९२० साली. डेक्कन जिमखान्याच्या मैदानी शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी सर दोराबजी टाटांनी पाहिले होते. त्यांच्या खटपटीने अँटवर्पच्या ऑलिंपिकला जे थोडे खेळाडू गेले, त्यांत धावपटू होते आणि मल्लही होते. बेळगावकडील फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. ती शर्यत ४२.७५० किलोमीटरची होती; त्यांस २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद लागले. मल्ल रणधीर शिंदे यांस चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. पदक थोडक्यात हुकले! पुढे १९५२ साली हेलसिंकीस खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. त्यांच्या कुस्तीची ख्याती केवळ ताकदीसाठी नव्हती, पायांच्या व डावांच्या चपळाईसाठीही होती. माझ्या मते त्या पदकाचे मर्म तेथेच शोधावे. विदर्भात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानेही १९१४ पासून निरनिराळे व्यायाम एका छपराखाली आणले. १९३६ साली त्याचे पथक बर्लिनला जाऊन आले.

हा दुरावा मुळात खोटा होता. भरधाव धावणाऱ्याचे पाऊल जमिनीवर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याइतकेच टेकते. तेवढ्या क्षणात जो अधिक जोराने जमीन मागे लोटील तो पुढे जाईल. म्हणजे वेगाला बळ हवेच. पण ते त्वरेने प्रकट होणारे हवे. उलट नुसते मांस वाढविले तर ते प्रत्येक पावली वाहून न्यावे लागते. शिवाय थकलेल्या पायांनी वेग शिकता येत नाही; म्हणून धाव ताज्या अंगाने आधी, आणि जड बैठका नंतर. दुसऱ्या दिवशी मांड्या आखडल्या असतील तर शर्यतीची धाव टाळावी.

ही चर्चा आज कोणास व्यर्थ वाटेल, तर त्याने पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी पाहावी. पुरुषांसाठी ती ५० गुणांची असते : १६०० मीटर धावण्यास २०, १०० मीटरला १५, आणि गोळाफेकीस १५. गोंदिया-गडचिरोलीकडील कित्येक घरांची आशा या तीन आकड्यांवर टांगलेली असते. मुले पहाटे डांबरी रस्त्यावर मैलच्या मैल धावतात. परंतु ३० गुण क्षणिक जोराच्या दोन प्रकारांत आहेत, याकडे लक्ष जात नाही. ७.२६० किलोचा गोळा नुसत्या दमाने लांब जात नाही.

कचारगडच्या परिसरातील तरुणास त्यासाठी यंत्रांची व्यायामशाळा नसली तरी चालेल. चढावरील छोट्या धावेत वेग थोडा कमी पडतो, पण जोर अधिक लागतो आणि पायांस हादरेही कमी बसतात. आठवड्यातून दोन दिवस असा चढ, दोन दिवस बैठका व ओझे, एक दिवस लांब धाव. गोळ्याचा सराव अंग ताजे असताना, आणि उरलेले दिवस विसाव्याचे.