धान्यमापे
धान्य वजनाऐवजी आकारमानाने मोजण्याची पारंपरिक मराठी परिमाणे. अहिल्यानगर जिल्ह्यातील तिसगाव (तालुका पाथर्डी) हा ज्वारी-बाजरीचा कोरडवाहू पट्टा. अशा भागात बलुत्यापासून बी-भरणापर्यंतचा हिशेब याच मापांत होई. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. पायलीपर्यंतचा हिशेब सरळ असे. पुढे मात्र पंचाईत होती. मण कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळांचा. वीस मणांची खंडी होई.

मोजण्याचीही रीत होती. माप शिगेने भरायचे की हाताने सपाट करायचे, हे आधी ठरे. भांडणे बहुधा इथेच होत. पहिले माप ओतताना मापाडी ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणे, मग दोन, तीन.

वजनी शेर वेगळा. तो ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. असे ४० शेर म्हणजे बंगाली मण, सुमारे ३७.३ किलो. १९५६ च्या वजनमापे कायद्याने मेट्रिक पद्धत आली आणि एप्रिल १९६२ पासून वजनांसाठी ती सक्तीची झाली. आज बाजार समित्यांत कांदा, तूर, बाजरी यांचे भाव क्विंटलवर, म्हणजे १०० किलोंवर निघतात. इंग्रजी अमदानीतील शब्द मात्र टिकले: केळी-अंडी डझनावर, वाळू-खडी ब्रासवर, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट.