चाकणचा वेढा आणि घोड्याचे पोट

चाकणच्या लढाईतून आपण वर्गात फिरंगोजी नरसाळा आणि सुरुंग एवढेच शिकवतो. शायिस्ताखान तिथे गेलाच का, हे सांगायचे राहते. १६६० च्या पावसाळ्यात तो पुण्यात होता. भोवतालचा मुलूख मराठ्यांनी आधीच उजाड केलेला, नद्या भरलेल्या, रसद येईना. चाकण अहमदनगरला जवळ. तिकडून दाणा-वैरण आणणे सोपे. जूनमध्ये त्याने वेढा घातला, ऑगस्टमध्ये किल्ला पडला.

फौजेला वैरणीची इतकी निकड का? कारण घोड्याला उपास सोसत नाही. एवढ्या मोठ्या जनावराचे जठर फार तर पंधरा लिटरचे. त्यात आम्ल रात्रंदिवस पाझरते, खाल्ले असो वा नसो. ते शमवणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. जठराच्या खालच्या भागावर चिकट थराचे कवच असते. वरच्या भागाचे अस्तर अन्ननलिकेसारखे, उघडेच. रिकाम्या पोटी घोडा पळवला की पोट आवळते, आम्ल वर उसळते आणि तिथे व्रण पडतात. अन्ननलिकेचे दुखणे निराळे. भुकेला घोडा कोरडा दाणा अधाशासारखा गिळतो, तो नळीत अडकतो आणि नाकातून लाळ-चारा येऊ लागतो. म्हणून चंदी भिजवून द्यायची.

हे सांभाळणाऱ्या माणसाला उर्दूत ‘सलोतरी’ म्हणतात. शब्द आला अश्ववैद्य शालिहोत्र ऋषींच्या नावावरून! आणि मराठी घोड्याच्या तोंडाला लागलेला ‘तोबरा’ फारसी. तबेल्यात भाषांची भांडणे नव्हती. इंग्रजी फौजेतही देशी घोडावैद्य सलोतरीच राहिला.

चाकणला आता मोटारींचे कारखाने आहेत, पण घोडा गेलेला नाही. खेड-मावळच्या घाटात बैलगाड्याच्या बारीपुढे घोडी धावते, लग्नाच्या वरातीत तासन् तास उभी राहते. पळायच्या आधी पोट रिकामे असलेले बरे, असे पुष्कळांना वाटते. मला हा समज चाबकापेक्षा वाईट वाटतो, कारण चाबकाचा वळ निदान दिसतो. पोटातला व्रण दुर्बीण घातल्याशिवाय दिसत नाही. घोडी फक्त दाणा टाकते, रोडावते, तंग आवळताना चावायला येते, आणि आपण तिला खोडकर ठरवतो. औषध आहे, माणसाच्या पित्तावरचे ओमेप्राझोलच. मात्रा डॉक्टरांनी ठरवायची. पण बारीच्या अर्धा तास आधी दोन मुठी लसूणघास चारायला डॉक्टर लागत नाही.