इंजिन कुणाचं, बिल कुणाचं?

मंडळी, पोस्ट थोडी मोठी आहे. पण ज्यांच्या घरी पिकअप, टेम्पो किंवा ट्रॅक्टर आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

गाडीत खोट आहे हे कंपनीला कळतं आणि मालकाला कळतं, यामध्ये किती वर्षं जातात? अमेरिकेतल्या एका इंजिनाची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. फोर्डचा सुपर ड्युटी पिकअप, त्यातलं 6.0 लिटरचं 'पॉवर स्ट्रोक' डिझेल इंजिन, मॉडेल 2003 ते 2007. तिकडचा शेतकरी, बांधकाम ठेकेदार, घोड्यांचे ट्रेलर ओढणारा, सगळे या गाडीवर पोट भरणारे. हौसेची गाडी नव्हे ही. याच इंजिनावर ॲम्ब्युलन्ससुद्धा धावत होत्या.

गंमत अशी, की बॉनेटवर नाव फोर्डचं असलं तरी इंजिन फोर्डचं नव्हतं. ते बनवायची नेव्हिस्टार. हे नाव ओळखीचं वाटत नसेल, पण तिचं जुनं नाव आपल्या गावागावांत माहीत आहे : इंटरनॅशनल हार्वेस्टर. 1963 साली महिंद्राने याच कंपनीसोबत ट्रॅक्टरची भागीदारी केली आणि बी-275 ट्रॅक्टर आपल्या शेतात आला. जुनी माणसं अजून त्याला 'इंटरनॅशनल'च म्हणतात. 1986 मध्ये ही कंपनी नेव्हिस्टार झाली.

फोर्ड आणि या कंपनीचं डिझेलचं नातं 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासूनचं. त्यांचं 7.3 लिटरचं इंजिन म्हणजे लोखंडी चणा. त्याचे मालक आजही अभिमानाने किलोमीटर सांगतात. पण धुराचे नियम कडक झाले आणि 7.3 ला निवृत्त करावं लागलं. त्या जागी 6.0 आलं. आकाराने लहान आणि ताकदीने मोठं : 325 हॉर्सपॉवर. कागदावर सगळं छान.

खोट कुठे होती ते फिटर लोकांना लगेच कळेल. प्रदूषण कमी करायला जळालेला धूर थोडा परत इंजिनात घ्यायचा, आणि त्याआधी तो पाण्याने थंड करायचा. त्यासाठी ईजीआर कूलर. या कूलरला पाणी येतं ते आधी ऑइल कूलरमधून, आणि ऑइल कूलरच्या वाटा अगदी बारीक. त्यात कूलंटचा गाळ, ओतकामातली उरलेली वाळू अडकायची. ऑइल कूलर चोक झाला की पुढे पाणी कमी, ईजीआर कूलर तापून फुटायचा, कूलंट इंजिनात शिरायचं, सायलेन्सरमधून पांढरा धूर. दाब वाढला की हेड गॅस्केट उडायचं. हेड दाबून धरायला प्रत्येक सिलिंडरभोवती जुन्या इंजिनात सहा बोल्ट होते, इथे चार. शिवाय इंजेक्टर, टर्बो आणि इंजेक्टर चालवणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल यांच्या तक्रारी वेगळ्याच.

आणि हेड उतरवायचं म्हणजे काय? बरेच मेकॅनिक या ट्रकची अख्खी केबिन चेसीवरून उचलून बाजूला घेतात आणि मगच इंजिनाला हात घालतात. मजुरीचा अंदाज तुम्हीच करा.

तक्रारी पहिल्याच वर्षी सुरू झाल्या. इतक्या, की सुरुवातीच्या गाड्यांपैकी सुमारे 500 फोर्डने मालकांकडून परत विकत घेतल्या. म्हणजे कंपनीला काहीच ठाऊक नव्हतं, असं म्हणायला जागा नाही. तरीही इंजिन 2007 पर्यंत विकलं गेलं. वॉरंटी होती पाच वर्षं किंवा एक लाख मैल. या काळात गाडी शोरूमला जायची, काम व्हायचं, परत यायची, परत जायची. वॉरंटी संपली की बिल मालकाचं.

आता खरा भाग. जानेवारी 2007 मध्ये फोर्डने नेव्हिस्टारवर मिशिगनच्या कोर्टात दावा ठोकला. तक्रार काय? इंजिनाच्या दोषांमुळे आमचा वॉरंटीचा खर्च अफाट झालाय, त्यातला तुमचा वाटा द्या. फोर्डने नेव्हिस्टारची बिलं कापायला सुरुवात केली, नेव्हिस्टारने चिडून इंजिनं पाठवणंच थांबवलं. शेवटी कोर्टाने पुरवठा सुरू करायला लावला.

दोन हत्तींच्या या झुंजीकडे बाहेरून बघताना एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या फोर्डच्या शोरूममध्ये मालकाला 'कूलंट बदला, ठीक होईल' छापाची उत्तरं मिळत, तीच फोर्ड कोर्टात लिहून देत होती की इंजिनात दोष आहे. पैसे स्वतःच्या खिशातून जायला लागले तेव्हा दोष दिसला. हे माझं मत आहे, कुणाला कडक वाटेल तर वाटो.

जानेवारी 2009 मध्ये दोघांनी तडजोड केली आणि जवळपास तीन दशकांचं नातं संपवायचं ठरवलं. 2011 च्या मॉडेलपासून फोर्डने स्वतःचं 6.7 लिटरचं इंजिन आणलं. कंपन्यांपुरता विषय मिटला.

मालकांचा मिटला नव्हता. देशभरातले दावे 2011 मध्ये शिकागोच्या फेडरल कोर्टात एकत्र झाले आणि 2013 मध्ये फोर्डशी तडजोड झाली. त्यात काही ठरावीक पार्टच्या दुरुस्तीपोटी ठरावीक रक्कम, तीही पावती असेल तर. अख्खं इंजिन बदलावं लागलेल्या माणसाला ही रक्कम म्हणजे भिजलेल्या घोंगडीवर फुंकर. काही जण या तडजोडीतून बाहेर पडून स्वतंत्र लढले. कॅलिफोर्नियातल्या 2006 मॉडेलच्या एका मालकाच्या खटल्यात ज्युरीने फोर्डने दोष लपवून फसवणूक केली असं ठरवलं. भरपाई दिलीच, शिवाय वर दंड लावला. फोर्ड अपिलात गेली. 2022 मध्ये अपील कोर्टाने निकाल कायम केला. सोळा वर्षं! आपल्याकडचं दिवाणी कोर्ट उगाच बदनाम आहे.

मधल्या काळात तिकडे एक नवाच धंदा उभा राहिला. मजबूत ईजीआर कूलर, बाहेर बसवायचा ऑइल कूलर, हेड बोल्टऐवजी जाड स्टड. या कामाला तिकडे 'बुलेटप्रूफिंग' म्हणतात. म्हणजे कंपनीने करायचं काम मालकाने स्वतःच्या पैशाने करून घ्यायचं. असं काम केलेले 6.0 आजही धावताना दिसतात.

हे ट्रक फोर्डने आपल्याकडे विकले नाहीत. नेव्हिस्टार मात्र 2005 मध्ये परत महिंद्राची भागीदार झाली, चाकणला मोठे ट्रक निघाले, आणि 2012 च्या अखेरीस तिने हिस्सा विकायचं ठरवून काढता पाय घेतला. त्या ट्रकांचा या इंजिनाशी संबंध नाही. प्रश्न मात्र आपलाही आहे : उद्या असं इंजिन आपल्या पिकअपमध्ये निघालं तर?

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110-अ आलं. सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. पण कधी? दोषामुळे पर्यावरणाला, गाडीतल्यांना किंवा रस्त्यावरच्यांना अपाय होणार असेल तर. इंजिन रस्त्याकडेला नुसतं बंद पडलं आणि मालक कर्जात गेला, तर हे कलम हाताशी येणं अवघड. अमेरिकेतही रिकॉलचा कायदा मुख्यतः सुरक्षिततेचाच, म्हणून तर लोकांना कोर्टात जावं लागलं.

दुसरा कायदा ग्राहक संरक्षणाचा, 2019 चा. त्यात 'उत्पादकाचं दायित्व' असं मोठं प्रकरण आहे आणि त्याचा गाजावाजाही खूप झाला. पण त्यातली 'अपाय' या शब्दाची व्याख्या वाचा. खुद्द वस्तूचं झालेलं नुकसान आणि धंद्याचं आर्थिक नुकसान त्यातून वगळलंय. म्हणजे फुटलेलं इंजिन आणि बुडालेल्या खेपा या प्रकरणात बसत नाहीत. मग उरते ती साधी 'सदोष वस्तू'ची तक्रार. तिथे कंपनीचा वकील पहिला मुद्दा काढणार : गाडी व्यापारासाठी घेतली, तुम्ही ग्राहकच नाही. त्याला उत्तर कायद्यातच आहे. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यापारी धरत नाहीत. एकच पिकअप आणि स्वतः चालवत असाल तर हा मुद्दा ठासून मांडा. मुदत दोन वर्षांची. एकाच दोषाचे बरेच मालक असतील तर आयोगाची परवानगी घेऊन सर्वांच्या वतीने एकच तक्रार करता येते.

आणि दर वेळी शोरूममधून गाडी घेताना जॉब कार्डाची प्रत मागा, तुमची तक्रार त्यावर तुमच्या शब्दांत लिहिली आहे का ते बघूनच सही करा. 'जनरल चेकअप' एवढंच लिहिलं असेल तर सही करू नका.