तळटीप : मागच्या निशाणाची उंची
मागच्या निशाणाची उंची नळीच्या पाठीपासून नव्हे, छिद्राच्या मध्यरेषेपासून मोजावी. जयपूरच्या सिटी पॅलेसमधल्या तोड्याच्या बंदुका असोत की चकमकीच्या रायफली, नळी बुडाशी जाड नि तोंडाशी बारीक असली की ती जाडीच निशाणाचे बरेचसे काम करते. वर ठेंगणी पट्टी पुरते. लांबच्या माऱ्यासाठी उंच पट्टी हवी, हा आक्षेप लक्ष्य खरोखर लांब असेल तेवढ्यापुरताच खरा : दोन निशाणांत ७५ सेंमी अंतर असेल, तर अवघ्या १ मिमी वाढीने ७५ मीटरवर गोळी १० सेंमी वर जाते. म्हणून पट्टी ठेंगणीच ठेवून पुढची माशी मुद्दाम उंच बसवावी आणि चाचणीच्या प्रत्येक माऱ्यानंतर कानशीने थोडी उतरवावी. माशी उतरली की गोळी वर चढते.